वाचक विचारतात : ड्रग चार्ट संगणकावर जाताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली. डॉक्टरांचा औषधादेश, औषधालयाकडची मागणी आणि औषध दिल्याची सिस्टरांची नोंद हे सारे संगणकावर नेताना रुग्णालयातील माणसांची जी ओढाताण होते, तिच्याविषयी ही पत्रे आहेत. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि रुग्णालयांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी पश्चिम महाराष्ट्रातील एका विश्वस्त संस्थेच्या १४० खाटांच्या रुग्णालयात मेट्रन, म्हणजे सिस्टरांची प्रमुख आहे. पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून सर्व वॉर्डांतील ड्रग चार्ट (रुग्णाच्या औषधांचे कागदी तक्ते) बंद करून औषधांचे आदेश आणि नोंदी संगणकावर करण्याचे व्यवस्थापनाने ठरवले आहे. सध्या एका वॉर्डात चाचणी सुरू आहे. तेथील ज्येष्ठ सिस्टर म्हणतात, की २५ वर्षे नोकरी केल्यावर आता आम्हांला टायपिस्ट केले. तरुण सिस्टर तोंडाने काही बोलत नाहीत, पण औषध दिल्याची खूण हातातल्या चिठ्ठीवर करतात आणि ड्यूटी संपताना सगळ्या नोंदी एकदम भरतात. सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाने सभागृहात दोन तासांचे प्रशिक्षण दिले, तेवढेच. कर्मचाऱ्यांची मानसिकता बदलण्याची जबाबदारी मेट्रनची आहे, असे व्यवस्थापन म्हणते. ती कशी बदलावी?

उत्तर : ‘मानसिकता’ हा शब्द काही दिवस कपाटात ठेवून द्यावा, अशी माझी पहिली विनंती आहे. तो एकदा उच्चारला गेला की पुढचा तपास थांबतो आणि दोष कोणाचा हे जणू ठरूनच जाते. चिठ्ठीवर खूण करणारी सिस्टर हट्टी किंवा आळशी असते असे नाही. वॉर्डात एकच संगणक असेल, तोही काउंटरवर असेल आणि प्रत्येक डोसनंतर तिथवर जाऊन लॉगिन करून परत यायचे असेल, तर आठ वाजताची औषधे दहा वाजेपर्यंतही संपणार नाहीत, हे तिला तुमच्या-माझ्याआधी कळलेले असते. तिने काढलेली वाट धोक्याची आहे यात शंका नाही. रात्री आठचे इंजेक्शन दिलेले असूनही स्क्रीनवर ते बाकी दिसते, तेवढ्यात दुसऱ्या वॉर्डातून मदतीला आलेली सिस्टर ते पाहते, आणि तोच डोस पुन्हा दिला जातो. परंतु धोका समजावून सांगितल्याने अशी वाट बंद होत नाही. ती का पडली हे शोधावे लागते.

याचा शोध इतरांनी घेतलेला आहे. रॉस कोपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पाच रुग्णालयांत बारकोड स्कॅन करून औषध देण्याची पद्धत प्रत्यक्ष पाहिली आणि २००८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिस्टरांनी काढलेल्या पळवाटांचे १५ प्रकार त्यांना आढळले. रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीच्या जादा प्रती छापून त्या ट्रॉलीवर किंवा दाराच्या चौकटीला चिकटवायच्या आणि रुग्णाऐवजी चौकटच स्कॅन करायची, हा त्यांतलाच एक प्रकार. ऐकायला हे भयंकर वाटते. पण त्यांनी मांडलेली ३१ कारणे वाचली की चित्र पालटते : चुरगळलेली किंवा भिजलेली पट्टी, बॅटरी संपलेला स्कॅनर, खोलीच्या कोपऱ्यात न पोहोचणारे वायफाय, बारकोडच नसलेले औषध, अचानक उद्भवलेली गंभीर अवस्था. मानसिकता बदलायला निघालेल्या व्यवस्थापनाने त्याआधी चार्जर मोजावेत, असे मी म्हणते ते यामुळेच.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट सिस्टरांची नाराजी नव्हे. ‘सर्व वॉर्डांत १ तारखेपासून’ हे शब्द आहेत. पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात ऑक्टोबर २००२ मध्ये संगणकीय औषधादेशाची पद्धत अवघ्या सहा दिवसांत संपूर्ण रुग्णालयात सुरू करण्यात आली. इतर रुग्णालयांतून तेथे हलवून आणलेल्या बालकांमधील मृत्यूंचे प्रमाण आधीच्या १३ महिन्यांत २.८० टक्के होते, ते नंतरच्या ५ महिन्यांत ६.५७ टक्के झाले, असे तेथील डॉक्टरांनीच २००५ मध्ये प्रसिद्ध केले. हे संगणकाने घेतलेले बळी आहेत असे मात्र वाचू नये, कारण आधीच्या आणि नंतरच्या काळाची तुलना करणाऱ्या अभ्यासाला मर्यादा असतात आणि या आकड्यांवर पुढे पुष्कळ वादही झाला. मोलाचे आहे ते त्या डॉक्टरांनी केलेले कामाचे वर्णन. पूर्वी अत्यवस्थ मूल रुग्णवाहिकेत असतानाच त्याची औषधे सांगून तयार ठेवली जात. नव्या पद्धतीत मूल येऊन त्याची नोंदणी पूर्ण होईपर्यंत आदेशच घालता येईना. वॉर्डातला औषधांचा साठा त्याच सुमारास मध्यवर्ती औषधालयात हलवला गेला. खाटेशेजारी उभे राहून एकमेकांशी बोलणारे डॉक्टर आणि सिस्टर वेगवेगळ्या स्क्रीनसमोर गेले. म्हणजे बदलला तो केवळ कागद नव्हता, कामाचा क्रम आणि माणसांच्या उभे राहण्याच्या जागाही बदलल्या, आणि तो बदल कोणी आधी चालून पाहिला नव्हता.

याला जोड आहे ती सिएटलच्या बालरुग्णालयाची. त्याच कंपनीची प्रणाली तेथेही बसवण्यात आली आणि अतिदक्षता विभागातील मृत्यूंचे प्रमाण वाढले नाही, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अतिदक्षतेत नेहमी लागणाऱ्या औषधांचे तयार आदेशसंच तेथे आधीच बांधून ठेवलेले होते. कंपनी एकच असताना फरक पडला तो तयारीने.

तेव्हा १ तारखेपूर्वी तुम्ही स्वतः एका डोसच्या मागोमाग चालावे. समजा, संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांनी प्रतिजैविकाचे इंजेक्शन लिहिले. ते कोणी उतरवले, औषधालयाकडे इंडेंट (मागणीपत्र) केव्हा गेले, औषधालयातून वॉर्डबॉय केव्हा आला, नातेवाइकांना काही बाहेरून आणायला सांगितले का, इंजेक्शन कोठे भरले, त्यावर लेबल लावले का, आणि रुग्णाला देताना सिस्टरच्या हातात नेमके काय होते, हे सगळे एका वहीत लिहावे. असे तीन डोस पाहावेत : एक नेहमीच्या वेळेचा, एक स्टॅट, म्हणजे तातडीचा, आणि एक रात्री दोन वाजताचा. कंपनीच्या माणसाला सोबत न्यावे. त्याने आखलेली आकृती आणि तुमची वही जेथे जुळत नाहीत, तेथेच पुढे चिठ्ठ्या निघणार आहेत.

सगळे वॉर्ड एकदम सुरू करू नयेत, हे विश्वस्तांना स्पष्ट सांगावे. पहिला वॉर्ड अतिदक्षतेचा नसावा, आणि जेथून रुग्ण दिवसातून दहा वेळा इकडून तिकडे हलतात असाही नसावा. मात्र टप्प्याटप्प्याने जाण्यातही एक धोका असतो : संगणकावरच्या वॉर्डातून कागदावरच्या वॉर्डात रुग्ण जातो, तेव्हा शेवटचा डोस केव्हा दिला हे मधल्या मध्ये हरवू शकते. त्यासाठी हलवतानाच्या औषधांची छापील यादी दोन सिस्टरांनी एकमेकींना वाचून दाखवावी आणि दोघींनी सही करावी. शिवाय एकाच रुग्णासाठी ड्रग चार्ट आणि संगणक दोन्ही चालू ठेवण्याची तडजोड कृपया स्वीकारू नका. ‘काही दिवस दोन्ही ठेवू’ हे ऐकायला सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात दोन नोंदींत फरक पडला की खरी कोणती हे कोणालाच ठरवता येत नाही, आणि सिस्टरांचे काम दुप्पट होते ते वेगळेच. त्या वॉर्डात चार्ट ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी तो पूर्ण जावा. वीज किंवा नेटवर्क गेल्यावर वापरायचे कोरे तक्ते मात्र एका बंद पाकिटात काउंटरवर असावेत, आणि दर पाळीला पुढच्या आठ तासांत द्यावयाच्या औषधांची यादी छापून ठेवावी. नेटवर्क परत आल्यावर मधल्या नोंदी कोणी भरायच्या, हेही आधीच लिहून ठेवावे. त्या वेळी वाद घालायला कोणाला फुरसत नसते.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात : सभागृहात नको, वॉर्डात हवे, रात्रपाळीलाही हवे, आणि त्या पंधरवड्यात प्रत्येक पाळीला एक जादा सिस्टर हवी. शेवटची अट खर्चाची असल्यामुळे तीच प्रथम नाकारली जाते. वॉर्डातली मार्गदर्शक निवडताना जिचा टाइपिंगचा वेग चांगला ती निवडू नका. अडचण आली की बाकीच्या जिच्याकडे वळतात ती निवडा. ‘टायपिस्ट केले’ म्हणणाऱ्या ज्येष्ठ सिस्टर बहुधा याच असतात. त्यांच्या बोलण्यातली बोच खरी आहे, कारण चार्टवर नजर टाकताच तीन दिवसांचा प्रवास त्यांना दिसत असे आणि स्क्रीनवर त्यासाठी चार ठिकाणी जावे लागते. त्यांना कंपनीसमोर बसवा आणि ‘काय दिसत नाही’ याची यादी त्यांच्याकडून करून घ्या.

आणखी एक अनुभव सांगते. मी पूर्वी ज्या रुग्णालयात होते, तेथे वेळेत न दिलेला डोस अर्ध्या तासानंतर स्क्रीनवर लाल होत असे आणि लाल डोसांची संख्या दर आठवड्याच्या बैठकीत वाचून दाखवली जाई. दोन महिन्यांत लाल रंग जवळजवळ नाहीसा झाला आणि सर्वांनी पाठ थोपटून घेतली. एका रात्री मी वॉर्डात थांबले तेव्हा कळले, की पावणेआठलाच सगळे डोस ‘दिले’ म्हणून नोंदवले जात होते आणि औषधे नंतर सवडीने दिली जात होती. सिस्टरांना मी काय बोलणार? आम्ही विचारत होतो ते रंगाबद्दल, आणि त्यांनी रंगाची व्यवस्था केली होती. ज्या आकड्यावरून कोणाला तरी बोलणी बसतात, त्या आकड्यावर पहिले सहा महिने विश्वास ठेवू नये.

प्रश्न : मी फिजिशियन असून चार रुग्णालयांत व्हिजिटिंग कन्सल्टंट आहे. प्रत्येक ठिकाणचे सॉफ्टवेअर वेगळे. प्रत्येक आदेशाला धोक्याच्या सूचना उघडतात, त्यांतल्या बहुतेक निरर्थक असतात आणि मी त्या न वाचता पुढे जातो. दोन ठिकाणी तर आरएमओच (निवासी डॉक्टर) माझ्या लॉगिनवरून आदेश भरतात. रुग्णालये याला शिस्तभंग म्हणतात. माझे काय चुकते?

उत्तर : डॉक्टर, आपल्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आल्या आहेत, एकीत रुग्णालय चुकते आहे, दुसरीत आपण.

आधी रुग्णालयाची बाजू. लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय या मोठ्या रुग्णालयाने संगणकीय औषधादेशाची पद्धत २००२ मध्ये सुरू केली आणि शेकडो डॉक्टरांच्या विरोधामुळे जानेवारी २००३ मध्ये ती थांबवली. पूर्वी एका ओळीत लिहून होणाऱ्या आदेशाला लागणारा वेळ हे तेथील मोठे गाऱ्हाणे होते. सूचनांच्या भडिमाराचे टोकाचे उदाहरण म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात २०१३ मध्ये घडलेली घटना. एका किशोरवयीन मुलाला प्रतिजैविकाची १६० मिलिग्रॅमची गोळी द्यायची होती. आदेश भरताना एकक मात्र दर किलो वजनामागे मिलिग्रॅम असे राहिले आणि एका गोळीच्या जागी साडेअडतीस गोळ्यांचा आदेश तयार झाला. सूचना डॉक्टरांनाही दिसली आणि औषधालयालाही. रोज दिसणाऱ्या असंख्य सूचनांसारखीच तीही ओलांडली गेली. यंत्राने गोळ्या मोजून पाकिटे भरली. सिस्टरला शंका आली होती, पण खाटेशेजारी बारकोड स्कॅन केल्यावर स्क्रीनने सर्व बरोबर असल्याचे सांगितले, कारण आदेश आणि गोळ्या एकमेकांशी तंतोतंत जुळत होत्या. मुलाला झटके आले. सुदैवाने तो वाचला. यात कोणीही बेफिकीर नव्हते. जी सूचना शंभरदा फोल ठरते, ती एकशे एकाव्या वेळी कोणी वाचत नाही.

म्हणून आपण रुग्णालयाकडे अधिकाराने एक मागणी करावी : कोणत्या सूचना किती वेळा उघडल्या आणि किती वेळा ओलांडल्या गेल्या, याची यादी दर महिन्याला औषध समितीपुढे यावी आणि ज्या जवळजवळ नेहमीच ओलांडल्या जातात त्या काढून टाकाव्यात किंवा सौम्य कराव्यात. उरलेल्या थोड्या मात्र अडवणाऱ्या असाव्यात. मेथोट्रेक्सेट हे संधिवातासाठी आठवड्यातून एकदा द्यायचे औषध आहे आणि ते चुकून रोज दिल्याने जगभर मृत्यू झालेले आहेत. त्याच्या आदेशात ‘रोज’ हा पर्याय सहज निवडताच येऊ नये. इन्शुलिन, हेपरिन आणि संहत पोटॅशियम क्लोराइड यांनाही तोच न्याय लावावा.

आता आपली बाजू. आपल्या लॉगिनवरून आरएमओने भरलेला आदेश कायद्याच्या दृष्टीने कोणाचा, हा प्रश्न आपण वकिलाला विचारालच. मला त्यापेक्षा साधी गोष्ट सांगायची आहे. ल्यूशियन लीप आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या अभ्यासात औषधांच्या चुकांपैकी ३९ टक्के चुका आदेश देताना, ३८ टक्के औषध देताना आणि १२ टक्के आदेश उतरवून घेताना झालेल्या आढळल्या. डेव्हिड बेट्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयातून कळवले, की डॉक्टरांनी थेट संगणकावर आदेश देऊ लागल्यावर वेळीच न पकडल्या गेलेल्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्या आकड्याचा आधार ‘थेट’ या शब्दात आहे. आपण राउंडला बोलायचे आणि आरएमओने ऐकून भरायचे, यात उतरवून घेण्याची पायरी जशीच्या तशी परत येते. फरक इतकाच, की आता चूक सुवाच्य अक्षरात असते. शिवाय मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्याची सूचना उघडते ती आरएमओसमोर, आणि सरांचा आदेश बदलण्याचे धैर्य त्याच्याकडे नसते. चारही ठिकाणी आपल्या नेहमीच्या १५-२० आदेशांचे संच आपल्या नावाने बांधून मागावेत. ते काम एकदा एका दुपारी बसून करावे लागते. ब्रिगमची ती प्रणाली तेथेच, तेथील डॉक्टरांच्या सहभागातून घडलेली होती, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

प्रश्न : मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. नव्या प्रणालीत औषधांची मुख्य यादी कंपनीने आमच्या बिलिंगमधून उचलली. एकच पॅरासिटामॉल आठ नावांनी दिसते. स्ट्रिप कापून दिल्यावर बारकोड राहत नाही. सर्वजण औषधालयाला दोष देतात. काय करावे?

उत्तर : रोगाचे मूळ तुम्हीच सांगितले आहे. बिलासाठी बांधलेली यादी ‘एक व्हायल’, ‘एक स्ट्रिप’ अशी मोजते. उपचाराला लागतात मिलिग्रॅम, मार्ग आणि वेळ. त्या यादीवर डोस तपासणारी कोणतीही व्यवस्था चालणार नाही. प्रणाली सुरू करण्याची तारीख पुढे ढकलावी लागली तरी ही यादी नव्याने बांधावी, आणि ती संगणक विभागाने न बांधता तुम्ही बांधावी. आधी जेनेरिक, म्हणजे मूळ औषधाचे नाव, मग मात्रा, मग स्वरूप, आणि ब्रँड त्यांच्याखाली. जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या रोमन अक्षरांत लिहावे, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेत तत्कालीन वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केलेल्या दुरुस्तीतही आहे; त्यामुळे डॉक्टरांशी बोलताना तुम्हांला आधार आहे.

सारख्या नावांचा प्रश्न आपल्या देशात विशेष बिकट आहे. मलेरियावरील ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औषधांच्या बाबतीत नावांच्या साम्याकडे अधिक कठोरपणे पाहिले पाहिजे, असे न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले. कागदावर हे साम्य अक्षरामुळे गोंधळात टाकत असे. स्क्रीनवर पहिली तीन अक्षरे टाइप करताच ती नावे एकाखाली एक उभी राहतात आणि बोट एक ओळ चुकते. तुमच्या रुग्णालयातील अशा जोड्या तुम्हांला पाठ असतीलच. त्यांच्यापुढे कशासाठीचे औषध आहे ते यादीतच लिहावे, आणि किमान पाच अक्षरे टाइप केल्याशिवाय नावे उघडू नयेत, एवढे कंपनीकडून करून घ्यावे.

बारकोडबाबत : विक्रीत अग्रेसर असलेल्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक झाले आहे. परंतु जागा नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर चालतो आणि सुट्या गोळीवर तो नसतोच. ज्या देशांत बारकोडने औषध देणे रुळले, तेथे गोळी-गोळीचे स्वतंत्र पाकीट असते. आपल्याकडे ते होईपर्यंत औषधालयात लेबलचा छोटा प्रिंटर ठेवून रुग्णागणिक पाकीट करणे, किंवा प्रारंभी फक्त इंजेक्शने आणि धोक्याच्या औषधांनाच स्कॅनिंग लावणे, हे दोन मार्ग आहेत. दुसरा मला अधिक पटतो, कारण जे निम्म्या वेळा स्कॅन होत नाही ते हळूहळू कोणीच स्कॅन करत नाही. स्ट्रिप कापताना नाव, बॅच आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत रुग्णाच्या खोक्यात राहावा. त्याला संगणक लागत नाही.

प्रश्न : माझी आई गेल्या आठवड्यात रुग्णालयात होती. प्रत्येक गोळीआधी सिस्टर तिला नाव विचारीत आणि मनगटाची पट्टी स्कॅन करीत. चार दिवसांच्या ओळखीनंतरही हे करण्याची काय गरज?

उत्तर : त्या सिस्टरांना माझा नमस्कार कळवावा. ओळखीच्या रुग्णाच्याच बाबतीत हात सवयीने चालतो, आणि पाळी बदलली की ओळखही बदलते. आईंना त्रास वाटत असेल, तर त्यांनी नावासोबत ‘ही कशाची गोळी?’ एवढे उलट विचारावे. घरी जाताना मिळालेली औषधांची छापील यादी मात्र तेथेच उभे राहून वाचावी आणि दाखल होण्यापूर्वी चालू असलेल्या गोळ्यांशी ताडून पाहावी. रुग्णालयात दुसऱ्या ब्रँडने दिलेले रक्तदाबाचे औषध यादीत येते, घरातले जुने डब्यात तसेच असते, आणि आई दोन्ही घेऊ लागतात. शंका असेल तर डबाच घेऊन औषधालयाच्या खिडकीवर जावे.